गॅस भरण्याची सवय कुठून आली?

होळी झाली की कार एसीच्या गॅरेजसमोर गाड्या उभ्या राहू लागतात. मालकाची तक्रार एकच असते, 'गार होत नाही', आणि बहुतेक ठिकाणी तोडगाही एकच निघतो, 'गॅस कमी झालाय, भरून घ्या.' तासाभरात गाडी गार हवा फेकू लागते, पैसे चुकते होतात आणि पुढच्या होळीला तीच गाडी त्याच दारात येते. या व्यवहाराला आपण देखभाल म्हणतो. माझ्या मते ही देखभाल नाही. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या यंत्रातल्या एका उणिवेतून ही सवय जन्मली, स्वस्त गॅसच्या काळात रुजली, आणि ती उणीव बरीचशी दूर झाल्यावरही तशीच राहिली. गाडीच्या एसीचा इतिहास या एका सवयीच्या बाजूने वाचला, तर आज गॅरेजमध्ये काय मागायला हवे तेही त्यातून कळते.

आधी यंत्राबद्दल. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, इंजिन ऑइलसारखा जुनाही होत नाही. तो एका बंद वर्तुळात फिरत राहतो. इंजिनच्या बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्यामुळे तो तापतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या वाऱ्याने त्याची उष्णता निघून जाते आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटला की त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेकडून घेतो. हवेतली वाफही त्याच कॉइलवर पाणी होऊन साचते; उभ्या गाडीखाली ठिबकणारे पाणी ते हेच, आणि पावसाळ्यात काचेवरचे धुके एसी लावताच उडते तेही याचमुळे. या सगळ्या फेऱ्यात गॅसचा एक ग्रॅमही खर्ची पडत नाही. घरातला फ्रिज याच तत्त्वावर, एकदा भरलेल्या गॅसवर पंधरा-वीस वर्षे चालतो. मग गाडीलाच दरवर्षी गॅस का लागावा?

याचे उत्तर यंत्राच्या ठेवणीत आहे. फ्रिजमध्ये मोटार आणि कॉम्प्रेसर दोन्ही एका वेल्डिंग केलेल्या पोलादी डब्यात बंद असतात. बाहेर येतात त्या फक्त तांब्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा. गाडीत कॉम्प्रेसर फिरवायला इंजिन लागते, म्हणून त्याचा दांडा डब्याबाहेर काढावा लागतो, आणि जिथून दांडा बाहेर येतो तिथे रबराचे सील बसवून गॅस अडवावा लागतो. इंजिन हादरत असते, कंडेन्सर मात्र चासीला घट्ट बांधलेला असतो. त्या दोघांना जोडायला लवचीक रबरी नळ्या हव्यात, आणि प्रत्येक जोडावर ओ-रिंग हवी. गळतीच्या या जागा गाडीच्या एसीत जन्मतःच आहेत, आणि गाडीत गारवा आणण्याचे पहिले प्रयत्न झाले तेव्हा त्यांचा पुरता विचार करायला कुणाला सवड नव्हती.

अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने 1939 च्या अखेरीस आपल्या 1940 च्या गाड्यांसाठी एसी जाहीर केला. किंमत 274 डॉलर. कूलिंग कॉइल मागच्या सीटमागे डिकीत असे आणि थंड हवा बसणाऱ्यांच्या मानेवर येई. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे इंजिन चालू तोवर कॉम्प्रेसर फिरतच राहायचा. एसी खरोखर बंद करायचा तर इंजिन थांबवा, बॉनेट उघडा आणि बेल्ट काढून ठेवा. हा प्रयोग दोन वर्षांतच आटोपला. महायुद्धानंतर 1953 मध्ये क्रायसलर आणि जनरल मोटर्स यांनी पुन्हा हात घातला, तरी डिकीतली पेटी कायम होती. 1954 मध्ये नॅश कंपनीने हीटर, हवा आणि एसी यांची सगळी जुळणी गाडीच्या पुढच्या भागात बसवली आणि किंमत 345 डॉलरवर आणली. तिथून हा प्रकार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. 1960 चे दशक संपता संपता अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त गाड्यांत एसी होता.

सवयीचे मूळ याच पंधरा वर्षांत आहे, आणि त्याचे नाव आर-12. थॉमस मिज्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनरल मोटर्सच्या शीतयंत्र विभागासाठी 1928 नंतर हा गॅस शोधला. त्याआधीचे गॅस विषारी तरी होते किंवा पेट घेणारे. 1930 मध्ये रसायनतज्ज्ञांच्या सभेत मिज्लींनी हा वायू छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकून ती विझवून दाखवली. विषही नाही आणि आगही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. पुढे हा गॅस अमाप प्रमाणात बनू लागला, आणि अमेरिकेत तर किरकोळ दुकानांतही त्याचे छोटे डबे मिळू लागले. वास नाही, रंग नाही, धोका नाही, किंमतही किरकोळ. अशा गॅसची गळती शोधायला नळ्या उलगडून दिवस घालवण्यापेक्षा डबा जोडून भर घालणे प्रत्येकालाच परवडे. एसी दुरुस्तीची रीत त्या काळच्या हिशेबाला धरूनच बनली.

त्या रीतीचे सर्वांत बोलके साधन म्हणजे ड्रायरवरची काच. कंडेन्सरनंतर द्रव गॅस ज्या छोट्या सिलिंडरमधून जातो त्याच्या डोक्यावर नाण्याएवढी काच असे. मेकॅनिक इंजिन चालू ठेवून, एसी पूर्ण सोडून त्या काचेत पाहायचा. बुडबुडे धावताना दिसले तर गॅस कमी. तो हळूहळू गॅस सोडत राहायचा. बुडबुडे थांबून काच स्वच्छ दिसली की काम झाले. आर-12 च्या बाबतीत ही खूण बऱ्यापैकी खरी होती. अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांत किलोभराहून अधिक गॅस असे. पन्नास ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी फरक जाणवत नसे. डोळ्याने मोजायची ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे गेली, आणि तिच्याबरोबर 'गॅस कमी होणारच' ही धारणाही गेली.

आपल्याकडे ही विद्या आली ती याच स्वरूपात. अॅम्बॅसॅडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्या बहुतांशी एसीविनाच विकल्या जात. ज्याला हौस आणि ऐपत होती तो बाहेरून डॅशबोर्डखाली पेटी बसवून घ्यायचा. असे काम म्हणजे ब्रॅकेट तिथल्या तिथे वेल्ड केलेले, नळी हाताने कापून जोडलेली, त्यामुळे गळती ठरलेली. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पुढे तिचे एसी मॉडेलही आले. सुझुकी आणि जपानी तंत्रज्ञान यांच्या साथीने 1985 मध्ये सुब्रोस ही कंपनी उभी राहिली आणि गाडीचा एसी देशात कारखान्यात बनू लागला. 800 चे इंजिन चाळिशीच्या आतल्या अश्वशक्तीचे. घाट चढताना एसी बंद करणे ही त्या पिढीच्या ड्रायव्हरची हातसवय होती. कारखान्यात बसवलेला एसी बाहेरून बसवलेल्या पेटीपेक्षा कितीतरी घट्ट होता, पण तो दुरुस्तीला येई तेव्हा समोर उभा असायचा तो जुन्या विद्येवर तयार झालेला कारागीर. त्याच्याकडे दाब मोजणारे दोन मीटर, एक डबा आणि काचेकडे पाहणारा डोळा एवढेच होते.

दरम्यान या निरुपद्रवी गॅसचा दुसरा चेहरा उघड झाला होता. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी 1974 मध्ये दाखवून दिले की हे वायू वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन फुटतात आणि ओझोन नष्ट करतात. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे विवर जाहीर झाले आणि 16 सप्टेंबर 1987 रोजी मॉन्ट्रियल करार झाला. करारानंतर अमेरिकेत जे घडले ते माझ्या म्हणण्याचा सर्वांत ठळक पुरावा आहे. 1996 पासून तिथे आर-12 चे नवे उत्पादन थांबले, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या तर दरवर्षी गॅस मागतच होत्या. ती मागणी एवढी मोठी होती की मायामीच्या बंदरात चोरट्या आर-12 च्या सिलिंडरांचा सुळसुळाट झाला. यंत्रात जो गॅस खर्चच होत नाही त्याची तस्करी करावी लागते, याचा अर्थ तो सगळा गळून जात होता. भारत 1992 मध्ये करारात सामील झाला, 2003 पासून नव्या यंत्रांत या गॅसचा वापर बंद झाला आणि 2010 च्या प्रारंभी, दम्याच्या पंपांसारखा औषधी अपवाद सोडता, त्याचा शेवट झाला.

त्याच्या जागी आर-134ए आला. त्याचा रेणू लहान, म्हणून नळ्यांना आतून नायलॉनचे अस्तर द्यावे लागले. त्याला जुने खनिज तेल चालत नाही, म्हणून वेगळे पीएजी तेल आले. ओ-रिंगांचे रबर बदलले. सगळी जुळणी आटोपशीर आणि घट्ट झाली, आणि छोट्या गाडीत मावणारा गॅस साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमवर आला. इतक्या कमी मापात पन्नास ग्रॅमची चूक म्हणजे एक दशांश किंवा त्याहून मोठी चूक. काचेतले बुडबुडेही आता भरवशाचे उरले नाहीत, आणि पुष्कळ गाड्यांतून ती काचच गेली. उरले मीटर. पण वर्तुळात थोडाही द्रव शिल्लक असेल तर बंद एसीचा दाब फक्त तापमान सांगतो, माप सांगत नाही, आणि चालू एसीचा दाब पंखा, ऊन, कंडेन्सरवरची माती या सगळ्यांनी बदलतो. गॅस किती आहे हे कळायचा खात्रीचा मार्ग एकच: सगळा गॅस यंत्राने काढून घ्यायचा, व्हॅक्यूम करायचे आणि बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले ग्रॅम वजन करून भरायचे. यंत्र पालटले, पण 'टॉप-अप' हा शब्द आणि ती कृती दोन्ही जुन्या काळातच राहिली.

यावर पहिला आक्षेप असा की थोडी गळती नैसर्गिकच आहे, मग भर घालण्यात काय वावगे? गळती असतेच, हे खरे. पण किती? आर-134ए सारख्या गॅससाठी युरोपीय नियमांनी एका कूलिंग कॉइलच्या नव्या एसीला वर्षाला 40 ग्रॅमची मर्यादा घातली. एवढा गॅस गेला तरी गारवा कमी झाल्याचे जाणवायला काही वर्षे लागतात. ज्या गाडीला दर उन्हाळ्यात गॅस लागतो तिची गळती नैसर्गिक नाही, तिथे काहीतरी फाटले, झिजले किंवा सैल झाले आहे. शिवाय गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. गळतीच्या जागी तेलकट धूळ चिकटून काळा डाग पडतो, आणि तोच डाग सांगतो की तेलही चालले आहे. नुसता गॅस भरत राहिले की दोन-चार उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो आणि त्याचा धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये ठेवणे परवडत नाही. टॉप-अप तासात होते आणि स्वस्त पडते. ही अडचण मी नाकारत नाही, आणि कारागिरालाही दोष देत नाही. गिऱ्हाईक शोधण्याचे पैसे देत नाही, भरण्याचे देते, म्हणून तो भरून देतो. पण नायट्रोजनच्या दाबाने तपासणी आणि जोडांवर साबणाचा फेस लावणे ही काही तासांचीच कामे आहेत. बऱ्याचदा एखादी ओ-रिंग किंवा दगड लागून भोक पडलेला कंडेन्सर एवढेच निघते. कित्येकदा गॅसचा दोषच नसतो. केबिन फिल्टर धुळीने बंद झालेला असतो, कंडेन्सरच्या पात्यांत चिखल साचलेला असतो, नाहीतर पंखा मंदावलेला असतो. अशा गाडीत आणखी गॅस कोंबला की दाब वाढतो आणि गारवा उलट घटतो.

तिसरे म्हणणे असे की आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, मग गळला तर काय बिघडले? बिघडते ते वेगळ्या वाटेने. एक किलो आर-134ए शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे 1430 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. 400 ग्रॅमची एक टाकी हवेत गेली, तर तो परिणाम सुमारे अडीचशे लिटर पेट्रोल जाळण्याएवढा होतो. म्हणूनच 2016 मध्ये मॉन्ट्रियल करारात अशा वायूंसाठी किगालीची दुरुस्ती झाली. 2021 मध्ये भारताने तिला मान्यता दिली. त्यानुसार 2028 मध्ये आपला वापर गोठेल आणि 2032 पासून तो टप्प्याटप्प्याने उतरवायचा आहे. गॅस आज वाटतो तितका स्वस्त पुढे राहणार नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत कॉम्प्रेसर पुन्हा फ्रिजसारखा बंद डब्यात गेला आहे. बाहेर येणारा दांडाच नाही, म्हणून सीलही नाही. तिथे चुकून पीएजी तेल गेले तर मोटारीचे विद्युतरोधन बिघडते, तेव्हा जुना डबा जोडून भर घालणे तिथे सरळ धोक्याचे आहे. आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. हे फार उशिरा झालेले पण योग्य काम. मात्र त्यामुळे हमरस्त्यांवरच्या लहान गॅरेजांत एसीचे काम कितीतरी वाढणार आहे, आणि ते कोणत्या रीतीने शिकवले जाते यावर पुढची पंधरा-वीस वर्षे ठरतील.

गाडीमालकाच्या हाती जे आहे ते थोडेच, पण उपयोगाचे आहे. पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहील. केबिन फिल्टर वेळेवर बदला, कंडेन्सर साध्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन घ्या. आणि गॅरेजमध्ये 'गॅस कमी आहे' असे सांगितले गेले, तर भरण्याआधी तीन गोष्टी मागा: गाडीतून किती ग्रॅम निघाला, तो कुठून गळत होता आणि पट्टीवरच्या मापाप्रमाणे किती भरला. हे तिन्ही बिलावर लिहून घ्या.