पोटमाळ्यावरच्या जळक्या पोथ्या

घराला लागलेल्या आगीची हकीकत सांगताना बहुतेक जण बंब आला आणि ज्वाळा विझल्या, इथे थांबतात. पुढची हकीकत सहसा कोणी लिहीत नाही. गॅरेज असो, कोठीची खोली असो वा माळा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पाण्याने थबथबलेला एक काळा ढीग असतो आणि तो उपसता उपसता त्याचे तीन भाग पडतात. धडधाकट राहिलेल्या वस्तू, उघडच टाकून द्यायच्या वस्तू, आणि ज्यांचे काय करायचे ते आज ठरवता येत नाही अशा वस्तू. हा तिसरा भाग मोठा अडचणीचा. तो खोक्यांत भरून कुठेतरी वर चढवला जातो आणि बहुधा विसरलाही जातो. इंग्लंडच्या जुन्या वाङ्मयाचा आणि इतिहासाचा फार मोलाचा हिस्सा एके काळी अशाच तिसऱ्या ढिगात पडून होता, आणि तो ढीग निस्तरायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

हा संग्रह सर रॉबर्ट कॉटन (१५७१-१६३१) या संग्राहकाचा. इंग्लंडमधील मठ आठव्या हेन्रीने बरखास्त केल्यावर त्यांच्या ग्रंथालयांतल्या पोथ्या जिकडेतिकडे विखुरल्या होत्या. त्या कॉटनने चिकाटीने मिळवल्या. त्याच्या ग्रंथालयातल्या फडताळांवर रोमन सम्राटांचे आणि क्लिओपात्रा व फॉस्टिना या दोन स्त्रियांचे अर्धपुतळे होते, आणि पोथीचा क्रमांक त्या पुतळ्याच्या नावाने लागे. ही व्यवस्था आजही मोडलेली नाही. लिंडिसफार्नची सचित्र शुभवर्तमाने 'नीरो'च्या फडताळातली, तर 'बेओवुल्फ' हे महाकाव्य 'व्हिटेलियस'च्या. प्राचीन सनदा आणि करारनामे हाताशी असलेला माणूस राजसत्तेला गैरसोयीचा वाटणे स्वाभाविक होते. पहिल्या चार्ल्सने १६२९ मध्ये या ग्रंथालयाला कुलूप ठोकले आणि ते उघडलेले पाहण्यापूर्वीच कॉटन वारला. पुढे त्याच्या नातवाच्या इच्छेनुसार, पार्लमेंटच्या कायद्याने, अठराव्या शतकाच्या आरंभी हा संग्रह राष्ट्राच्या मालकीचा झाला.

राष्ट्राच्या मालकीचा झाला म्हणजे कोणाच्याच मालकीचा उरला नाही, असे पुढच्या तीस वर्षांचा व्यवहार पाहता म्हणावेसे वाटते. कॉटनचे जुने घर मोडकळीला आले म्हणून १७२२ मध्ये पोथ्या स्ट्रँडवरच्या एसेक्स हाउसमध्ये हलवल्या. ते घर आगीच्या दृष्टीने धोक्याचे ठरले, म्हणून काही वर्षांनी त्या वेस्टमिन्स्टरमधल्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसमध्ये आणल्या. नव्या घराच्या नावातच राख आणि जळणे या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द शेजारी शेजारी आहेत, हा योगायोग कादंबरीत घातला असता तर कोणाला पटला नसता. राजाचा स्वतःचा ग्रंथसंग्रहही त्याच घरात होता.

२३ ऑक्टोबर १७३१ च्या पहाटे, दोनच्या सुमारास, घरातल्या माणसांना धुराच्या वासाने जाग आली. ग्रंथालयाच्या खालच्या खोलीत शेकोटीच्या धुराड्याखाली एक लाकडी तुळई होती. तिने पेट घेतला होता. आग प्रथम आटोक्यात येईल असे वाटले, म्हणून पोथ्या हलवण्याऐवजी ती विझवण्यावर भर दिला गेला. यात गेलेला वेळ फार महाग पडला. तेव्हाचे उपग्रंथपाल डेव्हिड कॅस्ली यांनी राजसंग्रहातले पाचव्या शतकातले ग्रीक बायबल, म्हणजे 'कोडेक्स अलेक्झांड्रिनस', आणि ऑगस्टसच्या फडताळातल्या पोथ्या आधी सुरक्षित केल्या, असे चौकशी अहवालात नमूद आहे. वृद्ध पंडित रिचर्ड बेंटली झोपण्याच्या झग्यात, डोक्यावर टोप चढवून, बगलेत तेच बायबल घेऊन बाहेर पडले, ही आठवण त्याहून अधिक लोकप्रिय ठरली. श्रेय कोणाचेही असो, बायबल वाचले. मग फडताळे अखंड हलवता येईनात, तेव्हा त्यांच्या पाठी फोडण्यात आल्या आणि पोथ्या खिडक्यांतून खाली फेकल्या गेल्या.

सकाळी जे उरले ते वेस्टमिन्स्टर शाळेच्या वसतिगृहाच्या इमारतीत नेऊन ठेवले. हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती आर्थर ऑन्स्लो यांनी स्वतः लक्ष घातले. भिजलेल्या पोथ्यांच्या बांधण्या सोडवून पाने सुटी केली गेली, दोऱ्यांवर वाळत घातली गेली. वाळवण घालावे तसे हे दृश्य असणार. फक्त दोरीवर धोतरे-लुगडी नव्हती, आठव्या-दहाव्या शतकांतली पाने होती. मग मोजदाद झाली. ती शक्य झाली याचे कारण टॉमस स्मिथ यांनी १६९६ मध्ये या संग्रहाची सूची छापून ठेवली होती. काय हरवले हे कळण्यासाठी काय होते हे आधी लिहिलेले असावे लागते. १७३२ च्या अहवालातला हिशेब असा: एकूण ९५८ पोथ्या, त्यांपैकी ७४६ शाबूत, ९८ अंशतः खराब, आणि ११४ 'हरवलेल्या, जळालेल्या किंवा पूर्णपणे बिघडलेल्या'.

या शेवटच्या आकड्यापाशी थांबले पाहिजे. हरवलेले आणि बिघडलेले एकाच रकान्यात घातल्यामुळे तो रकाना पुढच्या पिढ्यांनी मृतांची यादी म्हणून वाचला. वस्तुतः तिथे प्रेते नव्हती, गाठोडी होती. चर्मपत्र आणि कागद यांचे आगीतले वर्तन फार वेगळे असते. कागद पेटतो आणि त्याची राख होते. चर्मपत्र म्हणजे वासराचे किंवा मेंढीचे कमावलेले कातडे. ते सहजासहजी पेटत नाही, आक्रसते. कातड्यातले कोलॅजेन ओले असताना साठ-पासष्ट अंश सेल्सियसच्या आसपासच आकसू लागते आणि पुढे त्याचे सरसासारखे चिकट द्रव्य बनते. त्यामुळे आगीची धग आणि बंबाचे पाणी यांची गाठ पडली की पोथीच्या कडा सुरकुतून एकमेकींना चिकटतात आणि वरून पाहता भाजलेल्या पावासारखा एक काळा गोळा दिसतो. आतल्या पानांवरची शाई मात्र बऱ्याचदा जशीच्या तशी असते. हे १७३१ मध्ये कोणाला नीट ठाऊक नव्हते. त्यांनी ते गोळे फेकून दिले नाहीत, एवढे मात्र केले. आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची कृती हीच. गोळे ठेवून देण्यामागे विद्वत्ता होती की नुसता आळस, हा प्रश्न वेगळा.

जे खरोखरच गेले त्याची उणीव आजही भासते. राजा आल्फ्रेडचे समकालीन चरित्र, बिशप अ‍ॅसरने लिहिलेले, एकाच जुन्या पोथीत होते; ती नाहीशी झाली. त्या पोथीवरून १५७४ मध्ये आर्चबिशप पार्करने एक छापील आवृत्ती काढली होती, पण तीत त्याने दुसऱ्या ग्रंथातला मजकूर घुसडला. आल्फ्रेडच्या दुर्लक्षामुळे गुराख्याच्या बायकोच्या भाकऱ्या करपल्या, ही प्रसिद्ध गोष्ट त्या घुसडलेल्या मजकुरातलीच. अ‍ॅसरचे चरित्र अस्सल की पुढच्या काळातले बनावट, हा वाद विसाव्या शतकातही पेटला. मूळ पोथीचे अक्षर समोर असते तर तो इतका लांबला नसता. त्याच पोथीत 'मॉल्डनची लढाई' हे जुन्या इंग्रजीतले वीरकाव्यही होते. ते वाचले, कारण आगीच्या काही वर्षे आधी कोणीतरी त्याची नक्कल करून ठेवली होती आणि टॉमस हर्नने ती १७२६ मध्ये छापली. ती नक्कल डेव्हिड कॅस्लीच्याच हातची, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. त्या पहाटे कॅस्लीने जे बाहेर काढले ते अहवालात आहे. त्याआधी नक्कल करून जे बाहेर काढले होते, त्याची नोंद अहवालात असण्याचे कारण नव्हते.

ब्रिटिश म्युझियम १७५३ मध्ये स्थापन झाले तेव्हा कॉटन संग्रह त्याच्या पायाभूत संग्रहांपैकी एक होता. गोळेही त्याच्याबरोबर तिथे गेले. जोसेफ प्लँटा यांच्या १८०२ च्या सूचीत त्यांची नोंद जळकी बाडे म्हणूनच आहे. १८२० च्या दशकात हस्तलिखित विभागातल्या जोसाया फॉर्शल यांनी ती उलगडण्याचे प्रयत्न सुरू केले. पुढे १८३७ मध्ये सर फ्रेडरिक मॅडन या विभागाचे प्रमुख झाले, आणि म्युझियमच्या जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर जळक्या तुकड्यांचा केवढा साठा पडून आहे हे त्यांच्या ध्यानात आले. मॅडन हा मोठा तिरसट मनुष्य. सहकाऱ्यांशी त्याचे पटत नसे, आणि रोज रात्री तो सारी जळफळ डायरीत उतरवून काढी. ती डायरी त्याने ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाला दिली. १९२० पर्यंत उघडू नये, या अटीवर. पण काळ्या गोळ्यासमोर वर्षानुवर्षे बसून कोणते पान कोणत्या पोथीचे हे ओळखत राहायला स्वभावाचा असाच हट्टीपणा लागत असावा.

हातकाम होते हेन्री गॉफ या बुकबाइंडरचे. चर्मपत्र ओलसर करून मऊ करायचे, पान पानापासून सोडवायचे, आक्रसलेल्या कडेला चिरा देऊन ते सपाट करायचे. मग त्या वेड्यावाकड्या तुकड्याची बाह्यरेषा जाड कागदावर उतरवून आतला भाग कापायचा आणि त्या चौकटीत तुकडा चिकटवून बसवायचा. पानागणिक चौकट निराळी. अशा शेकडो चौकटी कापल्या गेल्या आणि जी नावे मृतांच्या यादीत होती त्यांतली कितीतरी पुन्हा वाचता येऊ लागली. या कामावरही विघ्न आलेच: १८६५ च्या जुलैमध्ये म्युझियमच्या बांधणीखात्यालाच आग लागली आणि दुरुस्तीसाठी तिथे असलेला काही मजकूर दुसऱ्यांदा, या वेळी कायमचा, जळाला.

प्रत्येक दुरुस्ती अशी उपकारकच ठरली असे नाही. कॉटनकडे १२१५ च्या 'मॅग्ना कार्टा'च्या दोन प्रती होत्या. त्यांपैकी एकीला आगीची धग लागली आणि तिच्या मोहोरेचे मेण वितळून त्याचा बेढब गोळा झाला. अक्षरे मात्र बरीचशी वाचता येत होती. १७३३ मध्ये जॉन पाइनने तिचे कोरीव चित्र छापले ते त्यामुळेच. ती अक्षरे घालवली १८३० च्या दशकातल्या एका दुरुस्तीने. आगीत वाचलेली सनद शंभर वर्षांनी दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर गेली, यासारखी खंत दुसरी नाही. ब्रिटिश लायब्ररीने अलीकडे निरनिराळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात तिची छायाचित्रे घेतली, तेव्हा कोऱ्या भासणाऱ्या त्या कातड्यावर ओळी पुन्हा उमटल्या.

'बेओवुल्फ'चे नेमके उलटे झाले. ३१८२ ओळींच्या या काव्याची जगात एकच पोथी, साधारण इ.स. १००० च्या सुमाराची. आगीत तिच्या कडा नुसत्या करपल्या. मजकूर शाबूत राहिला. पण करपलेली कड ठिसूळ असते, आणि पान उलटणाऱ्या प्रत्येक हाताबरोबर एखादे अक्षर गळून पडे. १८४५ मध्ये गॉफच्या चौकटीत बसेपर्यंत ही गळती एकशेचौदा वर्षे चालू होती. त्या दरम्यान, १७८७ च्या सुमारास, थॉर्केलिन या आइसलँडच्या विद्वानाने लंडनमध्ये तिच्या दोन नकला मिळवल्या; एक लेखनिकाकडून करवून घेतली, दुसरी स्वतः केली. त्यानंतर गळालेली सुमारे दोन हजार अक्षरे आज केवळ या नकलांमुळे कळतात. या नकलांच्या नशिबीही आग होती: १८०७ मध्ये ब्रिटिश आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागल्या तेव्हा थॉर्केलिनचे घर जळाले, छपाईसाठी सिद्ध केलेले त्याचे हस्तलिखित गेले, पण नकला वाचल्या. काव्य प्रथम छापून निघाले ते १८१५ मध्ये.

गॉफच्या चौकटींनी गळती थांबवली, मात्र तुकडा धरून ठेवण्यासाठी कागदाची जी अरुंद पट्टी कडेवर येते तिच्याखाली पानाच्या मागच्या बाजूची शेकडो अक्षरे झाकली गेली. १९९० च्या दशकात केविन कीर्नन यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या सहकार्याने पानांमागून तंतुप्रकाश सोडून त्या पट्टीखालची अक्षरे टिपली. चौकटी काढून टाकलेल्या नाहीत. त्या काढायला जावे तर त्यांना चिकटलेल्या काळ्या कडा, आणि कडांवरची उरलीसुरली अक्षरे, त्यांच्याबरोबरच निघून येतील.