कर्जतच्या खाचरातले परदेशी सोयरे

श्रावणात कर्जतहून खालापूरकडे निघावे, तर वाटेत भाताची खाचरेच खाचरे. "गुरुजी, या भाताचे कूळ कोणते?" असे एका विद्यार्थ्याने मला विचारले आणि मी निरुत्तर झालो.

शोध घेता घेता मी कर्जतच्या भात संशोधन केंद्रापाशी येऊन ठेपलो. हे केंद्र १९१९ सालचे. पुढे ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे गेले. आमचा जुना कोळंब चवीचा खरा, पण उंच. खत जरा अधिक झाले की ऐन लोंबी भरताना आडवा व्हायचा. तैवानात तायचुंग नेटिव्ह-१ हा बुटका वाण १९५६ साली निघाला होता. कोळंबाशी त्याचे लग्न लावून कर्जतकरांनी कर्जत-१८४ काढला.

खरी कसोटी पुढेच होती. भाताच्या एकाच फुलात नर नि मादी नांदतात. ते आपल्याच परागाने फळते. मग शेतभर संकर घडवायचा कसा? त्यासाठी हवी वांझ परागाची माता. ती १९७० साली चीनच्या हैनान बेटावर रानभाताच्या रूपाने सापडली. तिचा वारसा फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या वाणात उतरवला. पिता मिळाला बांगलादेशी वंशाचा, आणि १९९८ साली कर्जतहून 'सह्याद्री' हा संकरित वाण बाहेर पडला. नाव अस्सल मराठी, आजोळ मात्र समुद्रापार!

माझ्या आजीला हे रुचले नसते. तिच्या कणगीतले बी सासूच्या कणगीतून आलेले. संकरित भाताचे दाणे पुन्हा पेरले, तर आईबापांचे गुण विखुरतात आणि पीक एकसारखे येत नाही. म्हणून दरसाल बी विकत घेणे आले. उत्पन्न वाढले, कणगीचा मान मात्र गेला. बुटक्या भाताचा पेंढाही आखूड, हे गुरे राखणाऱ्याला विचारा.

२००५ साली दहा देशांतील संस्थांनी मिळून एका जपानी भाताची जनुकसंहिता प्रसिद्ध केली. बारा गुणसूत्रांपैकी अकराव्याचा एक भाग दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी वाचला. जनुके भरली सदतीस हजारांवर! पण यादी हाती आली म्हणजे घर कळले असे नव्हे. कोणते जनुक कोणाच्या सांगण्यावरून काम करते, हा शोध अजून चालूच आहे.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडे अजून कोळंबच आहे. पण आजी बी कुणाला देत नाही."

तरी मी मूठभर मागून ठेवले आहे.