जुन्या एमजीएमध्ये दुसरं इंजिन? आधी हे बघा

१९५५ साली आलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार एमजीए आणि आपली अँबेसेडर, दोघींत १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन! म्हणजे अँबेसेडर खोललेल्या मेकॅनिकला ते अनोळखी नाही. पण जसंच्या तसं बसेल असं समजू नका. एमजीएला दोन कार्बोरेटर, अँबेसेडरला एक. मी आधी माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर मोजतो. जास्त ताकदीचं इंजिन टाकताय? मग ब्रेकही बदला, नाहीतर तोरणमाळचा घाट उतरताना वाट लागेल. आणि मुख्य म्हणजे कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवा. आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर विम्याचा क्लेम अडकू शकतो. मी तर इंजिनाचे पैसे देण्याआधीच नंदुरबारच्या, म्हणजे एमएच-३९ च्या ऑफिसात परवानगीचं विचारून येईन.