औषधांना दाद न देणारी फिट

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

नागपूरच्या चंदीपुरा वस्तीचे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत गेले ते १९६५ साली. शहरात तापाची साथ होती. दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने एक नवा विषाणू वेगळा काढला आणि त्याला या वस्तीचे नाव मिळाले. पुढे २००३ साली आंध्र प्रदेशात आणि २००७ साली आपल्या नागपूर विभागात मुलांना ताप, झटके आणि बेशुद्धी येऊ लागली, तेव्हा या विषाणूची खरी दहशत कळली. पण निदान गुन्हेगार सापडला होता.

तो दर वेळी सापडतोच असे नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मेंदूचे शल्यचिकित्सक डॉ. थिओडोर रासमुसेन यांच्यापुढे असेच कोडे होते. कालपर्यंत धडधाकट असलेल्या पोराच्या एका हाताला झटके सुरू व्हायचे, कोणत्याच औषधाने ते थांबायचे नाहीत आणि हळूहळू तेवढे अर्धे अंग लुळे पडायचे. शस्त्रक्रियेत काढलेला मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर रक्तवाहिन्यांभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी! चित्र विषाणूच्या दाहाचेच. १९५८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह अशा तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. विषाणूचा शोध पुढे अनेक वर्षे चालला. खात्रीचा एकही हाती लागला नाही.

१९९४ साली अमेरिकेत वेगळ्याच कामासाठी सशांना मेंदूतील एक प्रथिन टोचले होते. त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झाली आणि काही सशांना चक्क फिट येऊ लागल्या. म्हणजे आपली रोगप्रतिकारशक्तीच आपल्या मेंदूवर उलटू शकते! पुढे ही प्रतिद्रव्ये इतर अपस्मारांतही आढळली आणि संशय पांढऱ्या पेशींवर गेला. शिवाय फिटमुळे दाह वाढतो आणि दाहामुळे पुढची फिट सोपी होते, असे हे दुष्टचक्र आहे.

अपस्माराच्या दहापैकी सहा-सात रुग्णांना नेहमीची औषधे पुरतात. उरलेल्या सर्वांचे कारण दाहच असते असेही नाही. म्हणून स्टेरॉइड स्वतःच्या मनाने देऊ नये. (आणि कांदा किंवा चप्पल हुंगवूही नये. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये.) रासमुसेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात दाह शमवणारी औषधे नुकसान लांबवतात; फिट थांबवायला मात्र बहुधा मेंदूचा आजारी अर्धा भाग शस्त्रक्रियेने तोडून वेगळा करावा लागतो. आईबापांनी हा निर्णय कसा घ्यायचा?

योगायोग असा, की त्याच १९५८ साली बेल्जियममध्ये तान्ह्या बाळांच्या एका हट्टी अपस्मारावर एसीटीएच हे संप्रेरक लागू पडल्याचे प्रसिद्ध झाले. ते नेमके कसे काम करते यावर आजही वाद आहेत. हा आजार प्रथम लिहून ठेवला विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टराने, १८४१ साली, 'लॅन्सेट'ला पाठवलेल्या पत्रात. त्यातला रुग्ण त्याचा स्वतःचा मुलगा होता.