रामेश्वर भटांची आरती

आमचं शिक्षण चौथी, लिहिण्यात चुकलं तर पोटात घाला.

कीर्तनात मी कितीतरी वर्षं रामेश्वर भटांचं आख्यान लावलं. वाघोलीचे विद्वान ब्राह्मण. कुणब्याच्या तोंडून वेदाचा अर्थ निघतो हे त्यांना सोसवलं नाही आणि अभंग इंद्रायणीत बुडवा असं त्यांनी तुकोबारायांना सांगितलं. मी त्यांचा आवाज काढायचो, नाक उडवून दाखवायचो. मंडळी पोट धरून हसायची. एका मुक्कामी आमच्यातल्या म्हाताऱ्या माळकऱ्यानं विचारलं, "बुवा, तुकोबांची आरती रोज म्हणता, ती रचली कुणी?"

मी गप्प झालो. आरती रामेश्वर भटांचीच. शेवटी त्यांचं नावही येतं, तुकोबांच्या पायी डोकं ठेवल्याचं.

मग महिपतीबोवांचं भक्तलीलामृत पुन्हा काढलं. ग्रंथ १७७४ सालचा, म्हंजे तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर सव्वाशे वर्षांनी, परंपरेनं आलेलं ऐकून लिहिलेला. तुकोबा १३ दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर बसले. तिथं त्यांनी देवाला बोल लावला, भांडले देवाशी. मन दुखलंच नाही असं काही नव्हतं. पण भांडण पांडुरंगाशी केलं, भटांशी नाही. इकडं वह्या वर आल्या आणि तिकडं रामेश्वर भटांच्या अंगाची आग होऊ लागली. काही केल्या शमेना. ते आळंदीला ज्ञानोबारायांपाशी बसले. तिथं दृष्टांत झाला, तुकोबांना शरण जा. तुकोबांनी काय धाडलं? एक अभंग! ज्यानं अभंग बुडवायला लावले त्याच्या आगीवर अभंगच. तो वाचून दाह थांबला.

त्याच इंद्रायणीत तुकोबांनी आधी स्वतःच्या हातानं एक गोष्ट बुडवली होती, हे नांगर धरताना माझ्या ध्यानात आलं. घरात महाजनकी होती. १६३० च्या दुष्काळात पहिली बायको, लेक गेले. पुढं त्यांनी लोकांच्या कर्जाची खतं काढली, निम्मी कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची डोहात सोडली. निम्मीच का? भावाचं येणं माफ करायचा हक्क आपला नाही, असं त्यांनी धरलं असणार. आपल्याकडं उलटं आहे. दुसऱ्याचं नुकसान झालं की "जाऊ द्या हो" म्हणायला सगळे पुढं, स्वतःच्या बांधावर आलं की कोयता.

माझंही तेच. चुलतभावानं दीड हात बांध कोरला, नऊ वर्षं बोलणं बंद. दोघं एकाच दिंडीत, एकाच रांगेत टाळ. कीर्तन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात, मी त्याच्यापाशी आलो की वाकून चपला शोधायचो. लोकांना क्षमा सांगून दक्षिणा घेत होतो, हे लिहिताना लाज वाटते.

त्या म्हाताऱ्यानं विचारलं त्या रात्री मी त्याच्या पाया पडलो. त्यानं पाय मागं घेतले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं पाय घेतले नाहीत, पण बोलला नाही. वाखरीला त्याच्या टाळाची दोरी तुटली. त्यानं माझ्याकडं हात केला, मी माझे टाळ दिले आणि हातानं टाळ्या वाजवत चाललो.

बांध अजून तसाच आहे. मोजणी दिवाळीनंतर करायची असं दोघांनी ठरवलंय.