चौथे ऋण

वऱ्हाडातील शाळा उन्हाळ्याच्या कडाक्यामुळे उर्वरित महाराष्ट्राहून थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या सुमारास आर्द्रा नक्षत्र लागलेले असते. खाली अमरावती-अकोल्याच्या काळ्या रानात कपाशीची लावण चाललेली असते, आणि वर गाविलगडाच्या डोंगरात, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, चिखलदरा धुक्यात बुडालेला असतो. कीचकाच्या वधाची कथा या दरीला चिकटलेली आहे, आणि १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रज अंमलदाराने ही जागा हवा खाण्यासाठी हेरली, अशी इतिहासात नोंद आहे. प्रवासी या दोन गोष्टी ऐकून परत जातात. आम्हांस मात्र गेल्या पावसाळ्यात तेथे जे दिसले ते या दोहोंत बसणारे नव्हते, आणि त्याचाच विचार आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

प्रसंग साधा होता. डोंगरातील एका शाळेच्या आरंभदिनी ‘दोन शब्द’ बोलण्यास आम्हांस बोलाविले होते. शाळा निवासी असून मुले बहुतेक कोरकू होती. आमच्या आधी बोलणाऱ्या गृहस्थांनी मुलांस कृतज्ञतेचा उपदेश केला. तुम्हांस जेवण मिळते, कपडे मिळतात, वह्या मिळतात. देणाऱ्यांचे उपकार विसरू नका, असा त्याचा मथितार्थ. मग मुलांनी एका सुरात आभार मानले. वह्या वाटल्या गेल्या आणि प्रत्येक वहीबरोबर छायाचित्र निघाले. हे सर्व चालू असता पडवीच्या बाहेर एक बाप डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन पावसात उभा होता. त्याची सहा-सात वर्षांची मुलगी त्याच्या धोतराचा सोगा धरून होती. आत या, असे त्यास कोणी म्हटले नव्हते. आमची पाळी आली तेव्हा योजून आणलेली वाक्ये आमच्या तोंडून निघेनात. ती वाक्येही कृतज्ञतेवरच होती. आम्ही चार शब्दांत समारोप केला व खाली बसलो. त्या दिवशी काय बोलावयास हवे होते, याचे उत्तर शोधताना आम्हांस आपल्याच प्रांताच्या इतिहासाकडे वळावे लागले.

विद्यार्थ्यास अन्न देणे हे आपल्या समाजात फार जुने पुण्य आहे. माधुकरी आणि वार या दोन चालींवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या शिकल्या. आमचे आजोबा अमरावतीस वार लावून शिकले. सात दिवसांची सात घरे. सोमवारचे घर मायाळू, गुरुवारचे घर कंजूष. मंगळवारच्या घरी त्यांचे पान मोरीजवळ मांडीत आणि भात वाढण्यापूर्वी मागील आठवड्यात कोणती कामे राहिली ते मोजून दाखवीत, हे ते म्हातारपणीही विसरले नव्हते. त्याच आजोबांनी पुढे सोमवारच्या घरच्या माउलीचे श्राद्ध तिच्या मुलांबरोबर बसून केले. एकाच चालीतून इतकी ओली कृतज्ञता आणि इतका सलणारा अपमान उपजावा, याचे कारण काय? आम्हांस वाटते, कारण हेच की वार ही दया होती, व्यवस्था नव्हती. देणाऱ्याच्या मनावर घेणाऱ्याचे पोट अवलंबून होते. आणि जेथे असे अवलंबून राहावे लागते तेथे आभार हे अन्नाचे मोल म्हणून वसूल होऊ लागतात.

वारातील दुसरा दोष याहून मोठा होता. वार ज्यास मिळे तो बहुधा ब्राह्मणाचा मुलगा असे. कुणब्याच्या, माळ्याच्या, परटाच्या मुलास शहरात असे घर कोठले? आणि अस्पृश्य गणलेल्या मुलाची तर गोष्टच सोडा. त्यास ओटीवरही जागा नव्हती. खेड्यातील पोर चौथी शिकून घरी बसे, ते बुद्धी नव्हती म्हणून नव्हे, तर तालुक्याच्या गावी रात्री पाठ टेकण्यास जागा नव्हती म्हणून. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात ग्रंथांची, पाठशाळांची व परीक्षांची चर्चा पुष्कळ झाली आहे. या पाठ टेकण्याच्या जागेची चर्चा त्या मानाने थोडी झाली आहे.

ही अडचण प्रथम ओळखून तीवर राजसत्तेचे बळ लावणारे कोल्हापूरचे शाहू महाराज. १९०१ साली त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि पुढे एकेका जातीच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसू लागली. त्या मुलांच्या भाकरीसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. दया आणि आत्मीयता यांत जो भेद आहे तो येथे उघड दिसतो. दया उरलेल्यातून देते. आत्मीयता आपल्या गरजेतून देते. शिवाय भाऊरावांची मुले स्वतः राबत. घाम गाळून खाल्लेल्या भाकरीने मान खाली जात नाही, हे भाऊरावांनी पक्के ओळखले होते.

आमच्या वऱ्हाडात हे काम पंजाबराव देशमुखांनी केले. अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. पुढे ते विलायतेस गेले, बॅरिस्टर झाले, आणि वेदवाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर त्यांनी ऑक्सफर्डास प्रबंध लिहिला. असा मनुष्य परत आल्यावर वकिलीत गडगंज होता, किंवा आमच्यासारखा एखाद्या महाविद्यालयात बसून टिपा लिहिता. त्यांनी अमरावतीत खेड्यापाड्यांतील मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष असता त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना मोकळ्या केल्या. १९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले, आणि १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी जो १९३३ सालचा कर्जलवाद कायदा झाला त्यामागेही त्यांची खटपट होती. शाळा आणि कर्ज ही दोन प्रकरणे वरवर भिन्न दिसतात, परंतु वऱ्हाडात ती एकच होती. ज्यास कागद वाचता येत नाही तो सावकाराच्या वहीवर अंगठा उठवितो, आणि ज्याची जमीन वहीत गेली त्याचा मुलगा शाळेत जाण्याऐवजी दुसऱ्याची गुरे वळतो.

हे ज्याने अंगावर भोगले होते असा दुसरा पुरुषही याच मातीतला. शेंडगावच्या परटाच्या घरी १८७६ साली जन्मलेला डेबूजी लहानपणी मामाच्या घरी गुरे राखी. त्या मामाची जमीन सावकाराच्या कर्जापायी गेली. डेबूजी स्वतः निरक्षर राहिला. १९०५ साली त्याने घर सोडले आणि महाराष्ट्र त्यास गाडगे महाराज म्हणून ओळखू लागला. त्यांच्या कार्याचा आरंभ झाला तो पूर्णेच्या काठी, ऋणमोचन या तीर्थी. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. नदीच्या काळ्या चिखलातून उतरताना म्हाताऱ्या-कोताऱ्या यात्रेकरूंचे हाल होत. गाडगे बाबांनी तेथे अंगमेहनत करून व लोकांकडून करवून घाट बांधविला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. कीर्तनात त्यांचा आग्रह एकच असे: ताटे विकावी लागली तरी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरास शाळेत घाला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली, ती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. यात्रेकरूच्या निवाऱ्याची जागा विद्यार्थ्याने घ्यावी, याहून त्या शतकातील पालट अधिक थोडक्यात सांगता येणार नाही.

ऋणमोचन हे त्या तीर्थाचे नाव आम्हांस येथे मोठे अर्थपूर्ण वाटते. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, ही कल्पना आपल्याकडे वेदकाळापासून आहे. तीन ऋणे सर्वांच्या परिचयाची आहेत: देवांचे यज्ञाने फेडावे, ऋषींचे अध्ययनाने आणि पितरांचे संततीने. परंतु शतपथ ब्राह्मणात याखेरीज एक चौथे ऋण सांगितले आहे, ते मनुष्यांचे. आणि ते फेडण्याचा मार्ग सांगितला आहे तो असा की माणसांना राहावयास जागा द्यावी आणि खावयास अन्न द्यावे. वसतिगृहाची याहून जुनी व याहून नेमकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. या चौथ्या ऋणाची गंमत अशी की, त्यात देणारा हा सावकार नसतो. तोच ऋणको असतो. जो अन्न देतो तो उपकार करीत नाही, आपले देणे फेडतो. हा हिशेब एकदा मनात बसला की मंगळवारच्या घरच्या पानाचा अपमान उरत नाही, आणि सोमवारच्या घरचा ओलावाही उणा होत नाही.

यावर कोणी म्हणेल की आता हा ऊहापोह कशास? शिक्षण हा मुलांचा हक्क आहे. २००९ साली तसा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. आदिवासींसाठी आश्रमशाळा त्याच्याही कितीतरी आधीपासून चालू आहेत. हक्काच्या गोष्टीत कृतज्ञता कशाची? हा आक्षेप अर्धा खरा आहे. हक्क झाल्यामुळे मुलाची मान ताठ राहिली पाहिजे, हे आम्हांस सर्वथा मान्य आहे. किंबहुना आमची तक्रारच ती की, कायद्याने मान ताठ केली आणि समारंभाने ती पुन्हा वाकविली. परंतु हक्क छप्पर देतो, वहीचा शेर देतो. पहिल्या रात्री घरच्या आठवणीने रडणाऱ्या पोरीच्या उशाशी बसणारे माणूस कायद्याने येत नाही. ते शेजारधर्मानेच येते. म्हणून हक्क आला तरी चौथे ऋण उरतेच.

आणि मेळघाटाच्या बाबतीत तर ते ऋण कोणाकडे निघते, हे एकदा वही उघडून पाहावे. कोरकू या शब्दाचा त्यांच्या भाषेत अर्थ ‘माणसे’ असा आहे. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नव्हे. ती मुंडा कुळातली, दूरच्या संथाळीची बहीण. इंग्रजी अमलात जंगल राखीव झाले, झाडी जाळून राख पसरून पेरण्याची त्यांची जुनी शेती बंद पडली, आणि त्यांच्याच हातांनी तोडलेले सागवान खालच्या मुलखात गेले. १९७४ च्या सुमारास तेथे वाघांसाठी राखीव प्रकल्प झाला. तो आवश्यकच होता, परंतु त्याची किंमत पुन्हा त्यांच्याच गावांनी मोजली. चंद्रभागा आणि शहानूर या नद्या याच डोंगरातून उतरून पूर्णेस मिळतात. शहानूरच्या धरणाचे पाणी खालची गावे पितात. १९९३ साली मेळघाटातील कुपोषणाने मेलेल्या बालकांच्या बातम्यांनी देश हादरला, तेव्हा ते पाणी पिणाऱ्या आम्हां मैदानी लोकांस हे डोंगर जणू प्रथमच दिसले. आता सांगावे, त्या पडवीत आभार कोणी कोणाचे मानावयास हवे होते?

त्यातून आमचा धंदा शिक्षकाचा. सहा वर्षांचे कोरकू मूल शाळेत येते तेव्हा ते मराठीच्या रूपाने एक परकी भाषा शिकू लागते, आणि आम्ही त्यास मठ्ठ ठरवितो. तीस वर्षे वऱ्हाडात शिकवूनही आम्हांस कोरकूतील दहा शब्द धड येत नाहीत. त्या मुलाने आमच्यासाठी जी वाट चालली तिच्या शतांशही आम्ही त्याच्यासाठी चाललो नाही. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, असे शास्त्र आहे. ते अध्ययन फक्त मुलांनीच करावे असे त्यात कोठे म्हटले आहे, असे आमच्या वाचनात नाही.

म्हणून त्या दिवशी बोलावयास हवे होते ते इतकेच: मुलांनो, तुम्ही आलात, हे बरे केले. येथील भाकरी तुमची आहे. तिच्याबद्दल कोणापुढे हात जोडू नका. पुढच्या वर्षी दारात नवे मूल उभे राहील, त्याची पेटी तेवढी धरा.

हे आम्ही बोललो नाही. परंतु न सांगताच ते तेथे घडले. सभा संपल्यावर सातवी-आठवीतील एक मुलगी पावसात गेली, त्या बापाशी कोरकूत काही बोलली, आणि पेटीची एक कडी आपण धरून दुसरी त्या लहान पोरीच्या हाती दिली. पेटी जड होती. लहानगीचा हात नुसता लागला होता एवढेच. परंतु ती धोतराचा सोगा सोडून निघाली खरी. बाप स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. कमरेची पुरचुंडी सोडून त्याने मूठ-दोन मूठ चारोळ्या तेथील बाईच्या पदरात ओतल्या, आणि धुक्यात उतरणीची वाट धरली. फळ्यावर त्या दिवशीच्या देणगीदारांची नावे खडूने लिहिली होती. त्यात त्याचे नाव नव्हते.