मामलेदारापुढचा खटला

१. इथे ‘कोर्ट’ म्हणजे मामलेदार कचेरी. मुंबई इलाख्यात मामलेदार सारा वसूल करी आणि बहुधा दुसऱ्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी खटलेही चालवी; १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार त्याला सहा महिने कैद आणि २०० रुपये दंडापर्यंत शिक्षा देता येई. किरकोळ मारहाण, शिवीगाळ १८६७च्या ग्राम पोलीस कायद्याखाली पोलीसपाटलाकडेच मिटे. लेखकाने ओझरता उल्लेखलेला ‘मुक्काम’ मात्र नीट समजून घ्यायला हवा. मामलेदाराचे वरिष्ठ अधिकारी प्रांतसाहेब फिरतीवर निघाले की त्यांच्यापुढचे खटलेही तंबूबरोबर हलत. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार भाकरी बांधून मागोमाग चालत; ऐन सुगीत तारीख पडली तर पीक रानात सोडून जावे लागे. शिवाय ज्याच्याकडे साऱ्याची सूट मागायची, त्याच्याचसमोर आरोपी म्हणून उभे राहायचे! कुळाला हे जाचक होतेच. न्यायालाही ते घातक होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. न्याय व अंमल वेगळे करा, ही मागणी काँग्रेसने १८८६च्या कलकत्ता अधिवेशनातच केली होती. मुंबई राज्यात त्यासाठीचा कायदा झाला १९५१मध्ये.